ॲनिमेशन व्ह्यूअरमधल्या ओव्हरलेचे गट कसे पाडायचे

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी तुम्ही उपग्रहाच्या फोटोंचं ॲनिमेशन दाखवणारं वेब पेज केलंय, त्यात २४ फ्रेम फिरतात, त्यावर ढग, पाऊस, तापमान, तालुक्यांच्या हद्दी, नद्या, धरणं असे १४ ओव्हरले, म्हणजे नकाशावर एकावर एक चढवायचे थर, आहेत आणि १४च्या १४ चेकबॉक्स एकाखाली एक लटकलेत. मोबाईलवर मेनूच अर्धा नकाशा खातो, लोक तीन-तीन रंगीत थर एकदम चालू करतात आणि मग फोन करून विचारतात की हा जांभळा म्हणजे पाऊस का ढग. तुम्हाला मेनूचे गट पाडायचेत आणि उद्या एखादा थर वाढला तर कोडला हात न लावता नुसती कॉन्फिग फाईल, म्हणजे थरांची यादी आणि सेटिंग असलेली फाईल, बदलून काम व्हायला हवंय.

मी नाशकात बसून गेली बारा-तेरा वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण यात कोड कमी आणि विचार जास्त आहे, आणि तो विचार आधी केला नाही तर नंतर सगळं उसवून परत शिवावं लागतं.

सगळ्यात आधी गट कशावरून पाडायचे ते ठरवा. बहुतेक जण डेटा कुठून आला त्यावरून पाडतात, म्हणजे "उपग्रह", "हवामान मॉडेल", "महसूल नकाशे" असे, कारण आपल्या सर्व्हरवर फोल्डर तसेच असतात. मीही एका कामात तेच केलं होतं. "उपग्रह" गटात दिवसाचे ढग, रात्रीचे ढग आणि हवेतली वाफ असे तीन थर टाकले, तिन्हींना चेकबॉक्स, तिन्ही चित्रं पूर्ण भरलेली, कुठेच पारदर्शक नाहीत. लोक तिन्ही टिक करायचे आणि दिसायचं फक्त सगळ्यात वरचं. दिंडोरीहून एका काकांचा फोन आला, म्हणाले, "अहो टिक तर केलीय, मग ढग गेले कुठे?" ढग तिथंच होते, वाफेच्या चित्राखाली गाडले गेलेले. त्या दिवसापासून मी गट एकाच प्रश्नावर पाडतो: हे थर एकावर एक ठेवले तर दोन्ही वाचता येतात का? येत नसतील तर ते एका गटात आणि त्यातला एका वेळी एकच चालू. येत असतील तर चेकबॉक्स. डेटा कुठून आला याच्याशी बघणाऱ्याला काही देणंघेणं नसतं.

या हिशोबाने तुमच्या १४ थरांचे मला तरी चारच गट दिसतात. पहिला खालचं चित्र, म्हणजे दिवसाचे ढग, रात्रंदिवस दिसणारे ढग, हवेतली वाफ. यातलं एकच. दुसरा रंगीत माहिती, म्हणजे तासाचा पाऊस, दिवसाचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा. यातलंही एकच, किंवा काहीच नाही. तिसरा रेघा, म्हणजे जिल्हा हद्द, तालुके, नद्या, धरणं, यातलं कितीही. चौथा नावं, गावांची आणि धरणांची. जिल्ह्याची हद्द मी मेनूत ठेवणारच नाही, ती कायम चालू. हद्द बंद करून कोणी ढग बघत नाही, मग उगाच एक टिक कशाला.

म्हणजे कॉन्फिगमध्ये गटाला तीन प्रकार लागतात: "एकच", "अनेक" आणि "कायम". एवढं पुरतं. मी बरीच कामं केली, चौथा प्रकार लागला नाही.

"एकच" साठी रेडिओ बटण वापरा, स्वतःचं काहीतरी दिव्य बनवू नका. एका नावाची सगळी रेडिओ बटणं ब्राउझर आपणहून एकमेकांशी बांधतो, एक दाबलं की दुसरं सुटतं. पण रेडिओची एक खोड आहे, एकदा दाबलं की परत दाबून ते बंद होत नाही. खालच्या चित्राला ते चालतं कारण काहीतरी एक हवंच. रंगीत माहितीला नाही चालत, माणसाला पाऊस काढून नुसते ढग बघायचे असतात. म्हणून त्या गटात पहिला पर्याय "काहीच नको" असा टाका आणि सुरुवातीला तोच निवडलेला ठेवा. कॉन्फिगमध्ये गटालाच "रिकामं चालेल" असं होय-नाही फील्ड द्या, होय असेल तर तो पर्याय कोडने आपला आपण तयार करावा. नाहीतर कोणीतरी "काहीच नको" नावाचा खोटा थर करून त्याला रिकामी चित्रं देतं, हे मी बघितलंय, २४ रिकाम्या फाईली दर वेळी डाउनलोड होत होत्या.

आणि एकाच पेजवर दोन व्ह्यूअर असतील, एक जिल्ह्याचा आणि एक राज्याचा, तर रेडिओच्या नावाआधी व्ह्यूअरची ओळख जोडा. दोन्हीकडे नाव नुसतंच "खालचं" असेल तर जिल्ह्याच्या नकाशात वाफ निवडली की राज्याच्या नकाशातली निवड गळून पडते. हा बग शोधायला माझा अख्खा दिवस गेला होता कारण एकेक व्ह्यूअर वेगळा उघडला की सगळं नीट चालायचं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. मेनूतला क्रम आणि चित्रं एकावर एक रचायचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या कॉन्फिगमध्ये वेगळ्याच ठेवा. मेनूत लोकांना सगळ्यात वर पाऊस हवा असतो कारण तेच बघायला आलेत. पण चित्रात पाऊस मधे जातो, खाली ढग, वर रेघा, त्याच्याही वर नावं. मी प्रत्येक थराला एक आकडा देतो आणि मधे मुद्दाम जागा सोडतो: ढग १०, रंगीत माहिती ३०, नद्या आणि धरणं ५०, हद्दी ६०, नावं ७०. उद्या धरणांच्या पाणलोटाचा थर आला की ४० मोकळा आहे, बाकी कशाला हात लावायचा नाही. पावसाची ओपॅसिटी (चित्र किती भरीव दिसतं तो आकडा, ० म्हणजे अदृश्य, १ म्हणजे पूर्ण भरीव) ०.६ च्या आसपास ठेवा, त्याखालचे ढग पुसट दिसायला हवेत, मात्र रेघांना पूर्ण १ द्या, पुसट रेघ उन्हात मोबाईलवर दिसतच नाही.

तुम्ही कॅनव्हासवर, म्हणजे स्क्रिप्टने चित्र रंगवायच्या पेजवरच्या जागेत, काढत असाल तर तिथे झेड-इंडेक्स (कोणतं चित्र वर ते ठरवणारा आकडा) वगैरे काही नसतं, जे नंतर काढाल ते वर, म्हणून प्रत्येक फ्रेमला काढण्याआधी चालू थर या आकड्याने सॉर्ट करून घ्या. एकावर एक इमेज टॅग ठेवत असाल तर मात्र एक सापळा आहे. साहजिक वाटतं की मेनूत गट आहेत तर प्रत्येक गटाच्या चित्रांना एकेक डिव्ह, म्हणजे पेजवरचा एक डबा, द्यावा आणि ओपॅसिटीचा स्लायडर त्या डिव्हलाच लावावा. तसं करू नका. एखाद्या डिव्हची ओपॅसिटी १ पेक्षा कमी झाली की त्याचा स्वतःचा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट तयार होतो, म्हणजे आतल्या चित्रांचे झेड-इंडेक्स त्या डब्यातच अडकतात. मग आतल्या चित्राला ९९९ दिला तरी ते डबा सोडून बाहेर येत नाही, आणि गंमत अशी दिसते की स्लायडर पूर्ण उजवीकडे असताना नकाशा बरोबर आणि जरा डावीकडे सरकवला की नावं पावसाखाली. सगळी चित्रं एकाच डब्यात ठेवा, ओपॅसिटी प्रत्येक चित्राला वेगळी द्या. गट फक्त मेनूत असतो, चित्रांच्या ढिगात गट नसतो.

पुढचा मुद्दा मेमरीचा, आणि तुमचं पेज स्वस्त फोनवर मधेच कोरं होतं असं तुम्ही लिहिलंय त्याचं कारण मला हेच वाटतं. तुमची चित्रं १००० बाय १००० पिक्सेलची आहेत. फाईल भले ६० केबीची असेल, पण ब्राउझर ती उघडतो तेव्हा प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एक चित्र ४ एमबी. २४ फ्रेमचा एक थर ९६ एमबी. तुम्ही सुरुवातीलाच पाच हलते थर भरून ठेवताय, म्हणजे १२० चित्रं, ४८० एमबी. गावातल्या माणसाच्या फोनवर व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि त्यात हे, टॅब मरणारच. आणि डिस्प्ले नन करून, म्हणजे चित्र नुसतं लपवून ठेवून, डेटाही वाचत नाही, इमेज टॅगला सोर्स दिलेला असेल तर लपलेलं चित्रसुद्धा ब्राउझर ओढून आणतोच, माणसाचा डेटा जातो तो जातोच.

इथे गटांचा खरा फायदा होतो. "एकच" गटात एका वेळी एकच थर चालू असणार हे आपल्याला नक्की माहीत आहे, म्हणून तेवढ्याचीच चित्रं धरून ठेवायची, दुसरा निवडला की जुन्याची सोडून द्यायची. दोन "एकच" गट म्हणजे जास्तीत जास्त दोन हलते थर, १९२ एमबी. मोबाईलसाठी ७०० पिक्सेलची वेगळी चित्रं ठेवली तर तेही निम्म्याखाली येतं. आणि रेघा-नावांचे थर हलत नाहीत, ते एकेकच चित्र, त्यांना कॉन्फिगमध्ये "स्थिर" म्हणा. तुमच्या फाईलमध्ये तालुक्यांचं एकच चित्र २४ वेगवेगळ्या नावांनी २४ वेळा आहे, कोणीतरी व्ह्यूअरला प्रत्येक थरात सारख्याच फ्रेम लागतात म्हणून केलं असणार, ते आधी काढून टाका.

नवीन थर निवडल्यावर त्याची चित्रं यायला वेळ लागतो, त्या वेळात काय करायचं? ॲनिमेशन थांबवू नका. जुना थर लगेच काढा, ढग फिरत राहू देत, मेनूत त्या नावापुढे "येतंय ७/२४" असं दाखवा आणि सगळी २४ आली की मगच पाऊस दाखवायला लागा. अर्धवट आलेली दाखवली तर काही फ्रेममध्ये पाऊस आणि काहीत नाही, बघणाऱ्याला वाटतं पाऊस येतोय आणि थांबतोय. हवामानाच्या चित्रात असा खोटा पाऊस दाखवणं मला अजिबात मान्य नाही, त्यावरून कोणीतरी फवारणी ठरवत असतो.

याच कारणाने वेळ जुळवणं फार काळजीने करा. उपग्रहाचं चित्र अर्ध्या तासाला, तुमचा पाऊस तासाला. २४ फ्रेम म्हणजे १२ तास, त्यात पावसाची १२च चित्रं. पहिलं चित्र पहिल्याला, दुसरं दुसऱ्याला असं नंबराने जोडलंत तर सहाव्या फ्रेमपर्यंत अडीच-तीन तासांचा फरक पडलेला असतो. प्रत्येक चित्राला वेळ द्या, आणि फ्रेमच्या वेळेचं किंवा त्याआधीचं सगळ्यात जवळचं चित्र घ्या, पण एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा थरागणिक कॉन्फिगमध्ये टाका, तासाच्या पावसाला ६० मिनिटं. त्याहून जुनं असेल तर त्या फ्रेमला तो थर कोरा आणि खाली बारीक अक्षरात "या वेळचा पाऊस उपलब्ध नाही". शेवटचं चित्र तसंच चिकटवून ठेवू नका. फाईलींवरची वेळ यूटीसी असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे आपल्या रात्री १२ ते पहाटे ५:३० पर्यंतच्या फाईलींवर आदल्या दिवसाची तारीख असते. जुळवाजुळव सगळी यूटीसीतच करा, दाखवताना फक्त आपली वेळ दाखवा.

दिवसाच्या ढगांचं वेगळं दुखणं आहे. ते दृश्य प्रकाशातलं चित्र, इन्सॅट-३डीआर, ३डीएसवरून ते १ किलोमीटर बारकाईने मिळतं आणि दिसायला फार सुंदर असतं, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग अडलेले स्पष्ट दिसतात, पण सूर्य मावळला की काळंकुट्ट. उष्णतेवरून घेतलेलं चित्र ४ किलोमीटरचं, म्हणजे भरड, पण रात्रंदिवस मिळतं. मी सुरुवातीची निवड कायम रात्रंदिवसवाल्याची ठेवतो. दिवसाच्या ढगांना कॉन्फिगमध्ये "फक्त उजेडात" असं फील्ड, आणि सगळ्यात ताजी फ्रेम अंधारातली असेल तर मेनूत ते नाव फिकट करून पुढे "सकाळी बघा" एवढं लिहितो. गारपिटीच्या दिवसांत लोक संध्याकाळी सात-आठला पेज उघडतात, तेव्हा समोर काळा चौकोन आला तर ते परत फिरकत नाहीत.

नावांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण सांगतोच. तुमच्या मेनूत "टीआयआर-१", "डब्ल्यूव्ही" अशी नावं आहेत. ती आपली, काम करणाऱ्यांची नावं. मी वर "रात्रंदिवस ढग", "हवेतली वाफ" लिहिलं तेच मेनूत लिहा. आपल्याकडे गोदावरीला पूर आला की किती क्युसेक सोडलं हे विचारणारे थोडे, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं का छातीला, यावर अख्ख्या शहराला कळतं काय ते. मेनूतलं नाव तसं असावं, ऐकताक्षणी कळणारं. धरणांच्या थरात गंगापूर, दारणा, पालखेड, करंजवण अशी नावं चित्रावरच लिहा, नुसते निळे ठिपके नकोत. पण कॉन्फिगमध्ये दाखवायचं नाव आणि आतली ओळख वेगळी ठेवा. आतली ओळख एकदा ठरली की बदलायची नाही, दाखवायचं नाव लोकांचं ऐकून दहादा बदला.

ही वेगळी ओळख पुढे आणखी एका ठिकाणी कामाला येते. लोक पेजची लिंक एकमेकांना पाठवतात, तर काय काय चालू आहे ते लिंकमध्येच त्या ओळखींनी लिहून ठेवा, म्हणजे एकाने पाऊस आणि नद्या लावून लिंक पाठवली की दुसऱ्याला तेच दिसेल. उघडताना मात्र तपासा, लिंकमधला थर आता कॉन्फिगमध्ये नसेल तर गुपचूप सोडून द्या, आणि "एकच" गटातले दोन आले तर पहिला घ्या.

"अनेक" गटाच्या शीर्षकाला "सगळे" असा चेकबॉक्स द्यायला हरकत नाही, रेघांच्या गटाला तो उपयोगी पडतो. तीनपैकी दोन चालू असले की तो ना टिक ना कोरा, मधल्या आडव्या रेघेचा दिसायला हवा. ही मधली अवस्था एचटीएमएलमध्ये लिहून येत नाही, ती स्क्रिप्टमधूनच लावावी लागते, त्यामुळे मेनू तयार झाल्यावर आणि दर क्लिकनंतर परत तपासून लावा. "एकच" गटाच्या शीर्षकावर असला चेकबॉक्स चुकूनही ठेवू नका.

मेनूची बांधणी साधी ठेवा, प्रत्येक गटाला फील्डसेट (गट बांधणारा टॅग) आणि त्याचं शीर्षक लेजंडमध्ये (शीर्षकाचा टॅग), म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही गट कळतो. नाव लेबलमध्ये गुंडाळा, म्हणजे अक्षरांवर बोट ठेवलं तरी निवड होते, ओळीची उंची ४४ पिक्सेलच्या आसपास. मोबाईलवर मेनू बंद ठेवा आणि त्याच्या बटणावर "मेनू" लिहिण्यापेक्षा आत्ता काय चालू आहे ते लिहा, "रात्रंदिवस ढग + तासाचा पाऊस". मेनू न उघडता माणसाला कळतं की तो काय बघतोय, जांभळ्या रंगाचे निम्मे फोन इथंच थांबतील. उरलेले निम्मे रंगपट्टीने थांबतील. रंगपट्टी थराच्या नोंदीतच जोडा, पाऊस निवडला की मिलिमीटरची पट्टी, तापमान निवडलं की अंशांची, "काहीच नको" म्हटलं की पट्टी गायब. तुमच्याकडे पट्टी पेजवर कायमची चिकटवलेली आहे, तापमान दाखवताना पावसाची पट्टी दिसते.

ओव्हरलेची चित्रं पीएनजी किंवा वेबपी ठेवा, जेपीजीत पारदर्शकता नसते. सगळी चित्रं एकाच मापाची आणि एकाच प्रोजेक्शनची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एकाच पद्धतीची, हवीत. तालुक्यांचा नकाशा वेगळ्या प्रोजेक्शनचा असेल तर नुसतं ताणून बसवू नका, जिल्ह्यापुरता फरक कदाचित डोळ्याला कळणार नाही पण राज्याच्या नकाशात हद्दी सरकलेल्या दिसतील.

तयार काही वापरायचं म्हणाल तर लीफलेट या वेब नकाशांच्या तयार लायब्ररीत थरांचा मेनू मिळतो, पण त्याच्या मूळ मेनूत खालच्या नकाशांना रेडिओ आणि ओव्हरलेंना चेकबॉक्स एवढेच दोन प्रकार, गटांसाठी वेगळं प्लगइन लागतं, आणि वेळ जुळवणं तरीही आपलं आपल्यालाच करावं लागतं. काही जुन्या व्ह्यूअरमध्ये नावांची एक स्वल्पविराम-यादी आणि फाईलींची दुसरी अशी पद्धत असते. एका यादीत एक स्वल्पविराम चुकला की पावसाच्या नावाखाली तापमान. म्हणून मी एका थराची सगळी माहिती एकाच नोंदीत ठेवतो: ओळख, नाव, कोणत्या गटात, रचण्याचा आकडा, ओपॅसिटी, हलता का स्थिर, वेळेची मर्यादा, रंगपट्टी, फाईलींचा पत्ता. कॉन्फिग जेसन या साच्यात लिहीत असाल तर शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाही आणि त्यात कॉमेंटही लिहिता येत नाही, नवीन माणूस नेमकं तिथेच अडकतो. त्यामुळे पेज उघडताना कॉन्फिग तपासणारं छोटं फंक्शन लिहा, नसलेल्या गटाचं नाव, दोनदा आलेली ओळख, "एकच" गटात सुरुवातीला दोन चालू, एवढं पकडलं तरी बास, आणि चूक स्पष्ट मराठीत दाखवा, "तासाचा पाऊस या थरासाठी दिलेला गट सापडला नाही" अशी, कारण सहा महिन्यांनी ती फाईल बदलणारा माणूस तुम्ही नसणार.

काम सुरू करताना आधी ते २४ तालुका-नकाशे काढा आणि रंगीत माहितीचा गट "एकच" करा, एवढंच करून एका साध्या फोनवर बाहेर उन्हात उघडून बघा. रचण्याच्या आकड्यांकडे आणि वेळेकडे त्यानंतर वळा. कॉन्फिग बदलून झाली की मला दाखवा, मी वेळेचं जुळवणं एकदा नजरेखालून घालतो.